चाकवताची डबी

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्यासोबत दोन पिशव्या, एक शाल आणि पत्र्याची एक डबी होती. पहिल्याच जेवणाला त्यांनी ती डबी ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, “ह्यात माझ्या चाकवताचं बी आहे. उगवलं तर राहीन. नाही उगवलं आणि डबी रिकामी झाली, की मी निघाले भावाकडे.”

मी घास तोंडात तसाच धरून बायकोकडे बघितलं. बायकोनं ताटाकडे बघितलं. आमच्या घरात अटी घालायचं काम एरवी माझं असतं आणि त्या कोणी पाळत नाही, तो भाग वेगळा. पण ह्या बाई बोलल्याप्रमाणे वागणाऱ्या होत्या.

भावाकडे त्यांची काय गत होणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. डोंगरावरचं स्वतःचं घर त्यांनी विकलं होतं, कारण गुडघे चढ चढेनात. भाऊ त्याच गावात, पण भावजय जिभेनं तिखट. तिनं त्यांच्यासाठी लाकडं ठेवायची खोली रिकामी करून ठेवली होती आणि तीही उपकार केल्यासारखी. एवढं असून बाईंचा हट्ट एकच: जिथं आपलं बी रुजत नाही तिथं आपणही फुकट जागा अडवायची नाही.

“अगं, पण इथं मी आहे ना!” बायको म्हणाली.

“तू आहेस. पण तू दिवसभर दवाखान्यात असतेस, जावईबापू कारखान्यात असतात. मी काय करायचं? भिंतीला सोबत?”

बायको नर्स आहे. माझा कारखाना म्हणजे एक गाळा, त्यात लोकांचे बंद पडलेले फ्रिज आणि एसी. मी ते चालू करतो. मला माझा धंदा आवडतो, कारण त्यात कोडी नसतात. फ्रिज गार होत नसेल तर त्याला कारण असतं आणि ते हाताला लागतं. गॅस गेलेला असतो, रिले जळालेला असतो, नाहीतर घरातल्या कोणीतरी दार नीट लावलेलं नसतं. पण सासूबाई आल्यापासून आमच्या गच्चीवर जे सुरू झालं त्याचं कारण काही केल्या माझ्या हाताला लागेना.

सुरुवात साधी होती. मी भंगारातल्या फ्रिजचे भाजीचे ट्रे आणले, बुडाला भोकं पाडली, माती भरली. सासूबाईंनी हात लावून माती बघितली आणि “चालेल” म्हणाल्या. त्या “चालेल” म्हणाल्या की समजायचं, नापसंत आहे पण परक्याच्या घरी बोलणार कसं. जावयाच्या घराला त्या परक्याचंच घर मानत होत्या. मला “अहो जावईबापू” म्हणायच्या आणि मी गच्चीवर आलो की हातातली खुरपी खाली ठेवून उभ्या राहायच्या. मला अगदी साहेब तपासणीला आल्यासारखं वाटायचं.

रोज सकाळी त्यांचा एक प्रश्न ठरलेला. “जावईबापू, इथं थंडी कधी पडते?”

“पडत नाही, आई.”

“म्हणजे उशिरा पडते?”

“नाही हो. पडतच नाही.”

त्या माझ्याकडे अशा बघायच्या की जणू थंडी मीच कुठंतरी दडवून ठेवली आहे. एका अर्थी ते खरंही होतं, अख्ख्या पेठेची थंडी माझ्याच गाळ्यात दुरुस्तीला पडलेली असायची. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर पुढचा सगळा मनस्ताप वाचला असता.

डोंगरावरची त्यांची बाग मी पाहिलेली होती. काठी रोवली तरी तिला पालवी फुटेल असा त्यांचा हात. तोच हात इथं उलटा पडू लागला. वर डोंगरात ऊन कमी, म्हणून रोपाला मिळेल तेवढं ऊन दाखवायचं ही त्यांची जन्माची सवय. इथं त्यांनी कोथिंबीर भर उन्हात ठेवली. ती वीतभर व्हायच्या आत फुलावर आली आणि म्हातारी झाली. टोमॅटोला फुलं लागली, सगळी गळाली. पहाटेच्या गारठ्यानं रोपं करपू नयेत म्हणून संध्याकाळी त्या पुदिन्यावर पोतं पांघरायच्या. सकाळी पोतं उचललं की खाली पुदिना वाफवलेला. तो बघून त्या इतक्या बुचकळ्यात पडल्या, की मला हसायचं होतं तेही राहून गेलं.

“पोतं कमी पडलं का हो?” त्यांनी विचारलं.

हळूहळू आम्ही दोघंही शिकलो. मी हिरवी जाळी आणून गच्चीच्या निम्म्या भागावर ताणली. कोथिंबीर जाळीखाली गेली. पुदिना एसीच्या टपकणाऱ्या पाण्याजवळ ठेवला, तिथं तो असा माजला की शेजाऱ्यांना वाटावा लागला. मातीवर सुका पाला पसरला की ती तापत नाही, पाणी उन्हं चढायच्या आधी घालायचं, मिरचीला ऊन आवडतं पण तिलाही दुपारी सुट्टी लागते, हे सगळं आम्ही चुकत चुकत गोळा केलं. सासूबाई नवीन सुनेसारख्या विचारत विचारत वागू लागल्या होत्या.

पण अट पुदिन्याची नव्हती. अट चाकवताची होती.

चाकवत त्या डबीतून चिमटीनं काढायच्या, वेगळ्या ट्रेमध्ये पेरायच्या आणि खुणेला कडेनं पांढरे खडे लावायच्या. त्या ट्रेमध्ये दुसरं काही पेरायचं नाही हा नियम. पहिली चिमूट गेली, काही उगवलं नाही. दुसरी गेली. तिसरी गेली. दर वेळी त्या डबी कानाशी धरून हलवायच्या आणि बायको स्वयंपाकघरातून कान टवकारून तो आवाज ऐकायची. आवाज पातळ होत चालला तसा बायकोचा चेहरा उतरत चालला. आईवर तिचा फार जीव, पण बोलून दाखवायची सवय दोघींनाही नाही. त्या घराण्यात माया बोलून दाखवणं म्हणजे उधळपट्टी समजतात.

“सांग ना तिला, राहा म्हणून,” मी म्हणायचो.

“सांगितलं तर ऐकेल का ती? तू ओळखत नाहीस तिला.”

आणि मग एके दिवशी मी जेवायला घरी आलो तर सासूबाई जिन्यातच उभ्या. तोंडावर पदर, डोळ्यांत पाणी, पण हसत होत्या. “उगवलं!” त्या म्हणाल्या. “जावईबापू, उगवलं!” आणि गुडघे विसरून माझ्यापुढे जिना चढल्या.

खरंच उगवलं होतं. पांढऱ्या खड्यांच्या आत बारीक बारीक कोंब, शिंपडल्यासारखे दाट. मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी मी मिठाई आणली. बायकोनं आईला मिठी मारली, आणि ती जरा जास्तच वेळ मारली, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण अर्थ लागला नाही.

आठवडा गेला, पानं मोठी झाली. सासूबाई ट्रेपाशी बसून होत्या. मला बघून उभ्या राहिल्या नाहीत.

“हे लाल आहे,” त्या म्हणाल्या.

पानं खरंच लालसर होती. मला त्यात वावगं दिसेना.

त्यांनी एक पान उलटं करून अंगठ्यानं चोळलं आणि अंगठा मला दाखवला. “चाकवताच्या कोवळ्या पानाखाली पीठ असतं. पांढरं, हाताला लागतं. ह्याला पीठ कुठंय? हा माठ आहे. लाल माठ. मी माठ कुठून पेरला?”

“दुसरं बी पडलं असेल. पाखरांनी आणलं असेल.”

“एवढं सगळं? खड्यांच्या आत मोजून?”

त्यांनी पुन्हा पेरलं. पुन्हा माठ आला. त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट माझ्या एकट्याच्या ध्यानात आली होती. सिलिंडर हलवून आत गॅस किती उरलाय हे सांगणारा माणूस मी. ती डबी मी सहज उचलून हलवली, तर ती महिन्यापूर्वी वाजायची तशीच वाजत होती. भरलेली. बाई रोज काढतायत, पेरतायत आणि डबी आहे तशी आहे. मी झाकण उघडून बघितलं. काळं, बारीक, चकचकीत बी. चाकवताचं कसं असतं, माठाचं कसं असतं, मला काय कप्पाळ कळणार! सासूबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा त्याच वाटेवर. त्यांनाही ते बी वेगळं दिसत नसणार.

हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? बी आपोआप वाढतंय? लोकांनी मलाच दवाखान्यात नेलं असतं.

पण दवाखान्यात न्यायची वेळ आली ती सासूबाईंवर. त्यांनी ह्या सगळ्याचा अर्थ आपल्या परीनं लावला होता आणि तो फार वाईट होता. “डबी मी भरली,” त्या एका दुपारी मला म्हणाल्या. “माझ्या हातानं, माझ्या परसातून. म्हणजे चाकवत समजून मी माठ भरला. आमच्याकडे माठ होताच कुठं, तेही मला आठवत नाही. माझं डोकं तेव्हापासूनच ठिकाणावर नसणार.” थोडं थांबून म्हणाल्या, “आणि त्याच डोक्यानं मी घर विकलं.”

 “तसं नसतं हो,” एवढंच म्हणालो. लोकांच्या फ्रिजबद्दल मी ह्याहून जास्त धीर देतो.

त्यानंतर बाई झपाट्यानं बदलल्या. गॅस पेटवायच्या बंद झाल्या, विसरून चालू राहील म्हणून. घराची किल्ली त्यांनी बायकोच्या हातात दिली. मीठ घातलं की नाही हे त्या मला चाखून बघायला सांगायच्या, आणि घातलेलं असायचं. दार लावलं की परत जाऊन बघायच्या, मग मला विचारायच्या, “मी आत्ता बघून आले ना?” बागेतही तेच. मिरचीच्या रोपाला हात लावायच्या आधी विचारायच्या, “ही मिरचीच ना?” जिनं जन्मभर माती वाचली, ती मला विचारत होती, ज्याला कोथिंबीर आणि पुदिना वासाशिवाय ओळखता येत नाही! 

बायको घाबरली. तिनं डॉक्टरांची वेळ घेतली, स्मरणशक्ती तपासणाऱ्या. “वय झालंय,” ती मला म्हणाली, पण बोलताना माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, हिला आईची काळजी आहे. मी पुरता गोंधळलो होतो. एकीकडे भरत जाणारी डबी, दुसरीकडे रिकामी होत चाललेली बाई, आणि ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे हे माझ्या टाळक्यात शिरत नव्हतं.

ते शिरलं, कारण मी गॅसचा दाब मोजायचं गेज घरी विसरलो. दुपारी परत आलो तर सासूबाई पलीकडच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या आणि बायको ड्युटीवरून येऊन स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. तिच्यासमोर ती डबी, उघडी. हातात कागदाची पुडी. आणि औषध मोजायच्या इवल्याशा पेल्यातून ती पुडीतलं बी डबीत ओतत होती, अगदी पेशंटला डोस द्यावा तशी.



“तू!” मी म्हणालो.

“हळू बोल.”

“तू करतेयस हे?”

“मग काय करू? डबी रिकामी झाली की ती जाणार. तिनं चिमूटभर काढलं की मी चिमूटभर घालते. दुकानात डबीतलं बी नेऊन दाखवलं, म्हटलं, असंच दिसणारं द्या. त्यानं दिलं.”

“अगं, पण काय दिलं?”

“बी दिलं! बी ते बी. उगवलं ना? मला वाटलं, तिचंच उगवलं.”

“तो माठ आहे!”

“मला काय माहीत माठ! मी कधी पानं बघितलीयत? लहानपणी तिनं एवढ्या पालेभाज्या खायला घातल्यात, की मी हिरवं काही दिसलं की मान फिरवते.”

आता मी कपाळाला हात लावला. डोंगरावरच्या सगळ्यात जाणत्या माळणीची एकुलती एक लेक, आणि हिला चाकवत आणि माठ एकच! दुसऱ्या कोणत्याही घरात ही चूक झाली नसती. आणि झाली असती तरी जिच्या लक्षात येईल तिनं सरळ विचारलं असतं, “कोणी भेसळ केली?” पण सासूबाईंनी ते विचारलं नाही. जावयाच्या घरात कोणावर संशय घ्यायचा नाही, म्हणून त्यांनी तो स्वतःवर घेतला.

“ती स्वतःला वेडी समजायला लागलीय,” मी म्हणालो. “तुझ्या त्या पुडीमुळे. आणि तू तिला डॉक्टरकडे नेतेयस.”

बायको खाली बसली. ती नर्स आहे, सहजासहजी रडत नाही. तेव्हा रडली. “मी ह्या दोन गोष्टी जोडल्याच नाहीत रे,” ती म्हणाली. “मला वाटलं, बी उगवलं म्हणजे एक काळजी मिटली, आणि हे दुसरंच काहीतरी सुरू झालं.”

मग आमची हळू आवाजात जुंपली. सांगायचं की नाही? सांगितलं तर डबीत त्यांचं असं बी जवळपास उरलेलं नाही हे कळणार, शिवाय पोटच्या पोरीनं फसवलं हेही. बाई त्याच दिवशी पिशव्या भरणार. नाही सांगितलं तर राहतील, पण आपलं डोकं गेलं असं समजून राहतील. बायको म्हणाली, “निदान माझ्याजवळ तर राहील.” मी म्हणालो, “राहणार कोण? अशी स्वतःला वेडी समजून राहिली, तर ती तुझी आई नाहीच.” हे मी फार कठोर बोललो. पण मला राग आला होता, आणि भीतीही वाटत होती. जिन्यात पदर तोंडावर धरून हसणाऱ्या त्या बाई मला परत हव्या होत्या, हे मला त्या क्षणी कळलं.

शेवटी बायको डोळे पुसून उठली आणि डबी आणि पुडी दोन्ही घेऊन पलीकडच्या खोलीत गेली. मी दारात उभा राहिलो. तिनं सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता.

 सासूबाईंनी पुडीत बोट घालून बी चाचपलं, डबीत घालून चाचपलं, पुन्हा पुडीत घातलं. “गुळगुळीत आहे,” त्या म्हणाल्या. “माझं खरबरीत असतं. मला हाताला लागलं होतं हे. मला वाटलं, हातही गेला.”

“आई, चुकले मी.”

“म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?”

“आहे, आई.”

“माठ मी भरला नव्हता?”

“नाही.”

बाईंनी लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला सणसणीत. आणि मग तिला जवळ घेऊन हमसून रडल्या. माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच त्यांनी मान वर केली. “आणि माझं बी?”

डबी ताटात उपडी केली. काळ्या बियांचा पसारा, त्यात त्यांचं कुठलं आणि दुकानातलं कुठलं हे नुसतं बघून देवालाही सांगता आलं नसतं. त्या एकेक दाणा बोटांनी चाचपून निवडू लागल्या. चिमूटभरही होईना आणि डोळ्यांत पाणी येऊ लागलं. “जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “संपलं म्हणायचं. चाकवताला गारठा लागतो, माठाला ऊन. गारठ्यात माठ उगवत नाही, आणि ह्या तुमच्या भट्टीत चाकवत.”

 इतके दिवस रोज सकाळी बाई मला थंडी मागत होत्या. मला! मी स्वतःलाच एक सणसणीत शिवी दिली, मनातल्या मनात, कारण समोर सासूबाई होत्या.

“आई,” मी म्हणालो, “थंडी किती पाहिजे?”

गाळ्यात एका दुकानदाराचा काचेच्या दाराचा फ्रिज पडून होता, शीतपेयांच्या बाटल्या ठेवायचा. त्याला दिवा होता, कॉम्प्रेसर मी नवीन बसवला होता, मालक मात्र फिरकत नव्हता. मी सासूबाईंना स्कूटरवर मागं बसवून तिथं नेलं. दिवा बदलून जास्त उजेडाचा लावला. खाली ओली माती पसरलेला ट्रे ठेवला आणि त्यावर डबीतलं सगळं बी, माठ, चाकवत, असेल ते, विस्कटून टाकलं. मग थर्मामीटर काढला आणि विचारलं, “बोला, किती ठेवू?”

आकडा त्यांना कुठून माहीत असणार? “पहाटे शाल घ्यावीशी वाटते, पण दात वाजत नाहीत, एवढी,” त्या म्हणाल्या.

मी थर्मामीटर खिशात ठेवला. “मग तुम्हीच सांगा,” म्हणालो. त्यांनी उघड्या दारातून हात आत धरला, डोळे मिटले. मी थर्मोस्टॅटचं बटण हळूहळू फिरवत होतो. “अजून,” त्या म्हणायच्या. मी थांबायचो, कॉम्प्रेसर चालायचा, आम्ही वाट बघायचो. “अजून थोडी. नाही, ही फार झाली. थोडी मागं घ्या.” गाळ्याबाहेर डांबर वितळत होतं आणि आत एक बाई हात पुढे करून उभी होती. मग त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

“हं,” त्या म्हणाल्या. “ही आमची सकाळ.”

तिथं त्या रोज येऊ लागल्या. मी काम करायचो, त्या काचेसमोर स्टूल टाकून बसायच्या. गिऱ्हाइकं विचारायची, “ह्या कोण?” मी म्हणायचो, “नवीन इंजिनिअर.” मातीत काही हलेना तसा माझाच धीर सुटू लागला. आणि मग एका सकाळी त्यांनी दार उघडलं, वाकल्या, आणि न बोलता मला हातानं बोलावलं. मोजके कोंब होते. आणखी काही दिवसांनी पानं फुटली तेव्हा त्यांनी एका पानाचं टोक उलटं करून चोळलं. अंगठ्याला पांढरं पीठ लागलं होतं. माठाचा एकही दाणा त्या गारठ्यात उगवला नव्हता. जे उगवलं होतं ते सगळं त्यांचं होतं.

ती रोपं काही खायच्या लायकीची झाली नाहीत. दिव्याच्या उजेडात ती लांबुळकी, फिकट वाढली, पण वाढली आणि हातभर व्हायच्या आतच त्यांनी तुरे धरले. गच्चीवर इकडे माठ नुसता उसळला होता. सासूबाई त्याला आता शिव्या देत नव्हत्या. कधी खुडायचा, किती उंच ठेवायचा, बियाला कुठला सोडायचा, हे त्या ठरवू लागल्या होत्या. गॅसही परत पेटवू लागल्या. डॉक्टरांची वेळ बायकोनं रद्द केली. पण डबी रिकामी होती, फडताळात उपडी पडलेली. आणि त्यांनी आपली अट मागं घेतलेली नव्हती. आम्ही विचारायला धजत नव्हतो.

चाकवताचं बी पिकलं तेव्हा त्यांनी ते फडक्यात बांधलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “वरच्या गावाचा भाजीचा ट्रक मंडईत येतो ना? तिथं सोडा मला.” हातात पिशवी होती, भरलेली. बायको ड्युटीवर जायला निघाली होती, ती दारातच थांबली. तिनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. आईनं तिला “जा तू, उशीर होतोय” म्हटलं. ती गेली, पण जिना उतरताना तिची पावलं मला एकेक करून ऐकू येत होती.

मंडईत ट्रक उभा होता. सासूबाई ड्रायव्हरशी त्यांच्या बोलीत बोलल्या. त्यानं केबिनचं दार उघडलं. त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि मी मान फिरवली. मला ते बघायचं नव्हतं.

“चला,” आवाज मागून आला. त्या स्कूटरपाशी उभ्या होत्या. फडक्याची पुरचुंडी केबिनच्या सीटवर होती.

“तुम्ही?” मी विचारलं.

“मी काय?”

“मला वाटलं, तुम्हीपण…”

“भावाला निरोप दिलाय, परसात पेर म्हणून.” त्या स्कूटरवर बसल्या, पदर खोचला. “बियाला नाही हो जमत. त्याला थंडी पाहिजे म्हणजे पाहिजे. त्याला डोकं नाही. मला आहे.”

“आणि ही पिशवी?”

“भाजी आहे. माठ. ट्रकवाल्याला दाखवायला आणला होता. म्हणाला, वर असा होत नाही.” हे सांगताना त्यांच्या आवाजात जो तोरा होता तो मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

संध्याकाळी बायको आली ती धापा टाकत. घरात शिरून आधी तिनं पलीकडची खोली बघितली. खोली रिकामी होती. तिचं तोंड पांढरं पडलं. मी गच्चीकडे बोट दाखवलं.

वर सासूबाई जाळीखाली बसल्या होत्या. समोर ताट, ताटात माठाचे वाळलेले तुरे. त्या ते तळव्यावर चोळत होत्या आणि फुंकर मारून कोंडा उडवत होत्या. बायको जवळ जाऊन उकिडवी बसली. सासूबाईंनी एक पान खुडून तिच्या हातात दिलं. “हा माठ. नीट बघून ठेव. मागचं पण बघ.” बायकोनं शाळेतल्या पोरीसारखं पान उलटं करून बघितलं.

मग सासूबाईंनी ताटातलं बी डबीत भरलं, झाकण दाबलं, कानाशी धरून हलवून पाहिलं आणि डबी लेकीच्या हातात ठेवली.

“ही आता तू सांभाळ,” त्या म्हणाल्या. “रिकामी होऊ देऊ नकोस.”